मांजरपाटावरचं मांजर

पेंटर, तुमच्या दहाव्याला नदीवर एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण लागता?"

विचारण्यात खोच नव्हती. केडगावातलीच, तुमच्या शेजारची असावी. मला उन्हात एकटी उभी पाहून तिनं विचारलं. बहीण म्हणावं तर तुम्हाला राखी मी कधी बांधली नाही. नाटकात काम करणारी म्हणावं तर त्या जागी ते बरं दिसलं नसतं. शेवटी म्हणाले, "मी त्यांचे पडदे शिवते." ती "बरं, बरं" म्हणाली आणि सरकून मला सावलीत जागा दिली. मी बसले. पण परत येताना एसटीत सगळा वेळ तेच डोक्यात. मी तुमची कोण, हे इतक्या वर्षांत आपण कधी ठरवलं नाही. तशी गरजच पडली नव्हती. आता पडली, तर विचारायचं कुणाला?

आणि हा एकच प्रश्न असता तर मी निभावून नेला असता. दुसरा त्याहून अवघड आहे. तुम्ही मांजर का काढत होतात?

हसू नका. तुम्ही असतात तर हसला असतात, बिडी दातात धरून, मिशीच्या आत. पण मला खरंच कळलेलं नाही. मला वाटत होतं, मला माहीत आहे.

पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडं आलात ते मांजरपाटाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन. कुणीतरी सांगितलं होतं की नगरात एक बाई शिवणाचा क्लास घेते आणि जत्रेच्या दिवसांत गावोगावच्या नाटकांत कामंही करते. तुम्हाला दोन्ही गोष्टी सोयीच्या वाटल्या असणार. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहूनच सांगितलंत, "बाई, हे कापडाचे पाट जोडायचेत. पण शिवण अजिबात वर येता कामा नये. शिवण दिसली की आभाळाला चीर गेल्यासारखी दिसती." मी म्हटलं, आभाळ कुणाचं? तुम्ही म्हणालात, "माझं. रंगवतोय अजून."

त्या कोऱ्या, खरबरीत कापडाचा पुढं जंगलाचा पडदा झाला. तो मी पाहिला तेव्हा तुमचा वाघ मला मेंढरासारखा वाटला, आणि तसं मी तोंडावर सांगितलंही. तुम्ही मान डोलावलीत. पण त्या वाघाच्या मागं, वडाच्या खालच्या फांदीवर, वीतभर मांजर बसलेलं होतं. करड्या अंगाचं, पुढचे पाय पोटाखाली मुडपून घेतलेलं. त्याच्याकडं पाहताना मला वाटलं, आता हे उठेल आणि अंग ताणेल. सगळ्या पडद्यात जिवंत तेवढंच होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बाई, मांजरपाटावर मांजर नाही काढायचं तर काय काढायचं?"

मला हे इतकं आवडलं की पुढं कितीतरी जणांना मी ते सांगितलं. तुमचं उत्तर मिळालं, विषय संपला, असं मी धरून चालले. महालाच्या पडद्यात मांजर खिडकीत बसलं, रस्त्याच्या पडद्यात न्हाव्याच्या बाकाखाली, देवळाच्या पडद्यात नंदीच्या सावलीत, तुरुंगाच्या पडद्यात गजांच्या बाहेर. बाहेर का, असं मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "आत कशाला? त्यानं काय केलंय?"

खऱ्या मांजरांचा मात्र तुम्हाला राग. रंगात घालायचा सरस तुम्ही शेडमध्ये शिजवायचात, त्याच्या वासानं मोहल्ल्यातली सगळी मांजरं गोळा व्हायची आणि वाळत घातलेल्या पडद्यांवर नखं घासायची. हातातली लांब पट्टी आपटत तुम्ही त्यांच्यामागं धावायचात. एकदा मी शिवलेले पाट द्यायला आले तेव्हा तुम्ही एका बोक्याला शिव्या घालत होतात आणि दुसऱ्या हातातल्या ब्रशावर मांजराच्याच मिशांचा पांढरा रंग होता. मला हसू आवरेना. तुम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पारनेरकडच्या त्या गावातला प्रकार तुम्हाला आठवत असेल. नाटकाचा शेवटचा अंक. माझा नवरा झालेला गडी माझ्या मांडीवर डोकं ठेवून मरतोय, मी त्याचे केस सारते आहे. लोक इतके गप्प की बत्तीची सू सू ऐकू येत होती. असे क्षण आमच्या वाट्याला फार येत नाहीत, पेंटर. जत्रेतली माणसं दिवसभर उन्हात हिंडलेली, कुणी पिऊन आलेला, पोरं पेंगलेली. त्यात एवढी शांतता मिळाली की अंगावर काटा येतो. आणि तेवढ्यात पुढून एक पोरगी किंचाळली, "मांजर! त्या खिडकीत मांजर हाय!"

सगळं गाव हसलं. माझ्या मांडीवर मरणारा गडीही हसला. त्याचं पोट हलताना मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यांच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर मी, तुम्ही आणि ड्रायव्हर. मी रस्ताभर धुमसत होते. मग म्हणाले, "पेंटर, ते मांजर काढून टाका."

"का?"

"का म्हणजे? तिथं माणूस मरतोय आणि लोक हसतायत."

"मांजराला नाही हसले ते."

"मग कुणाला? मला?"

"तुम्हाला कशाला हसतील?"

"मग कुणाला, ते सांगा ना."

तेवढ्यात ट्रक गरम झाला. तुम्ही डबा घेऊन पाणी आणायला उतरलात. परत आलात तेव्हा ड्रायव्हरनं दुसराच विषय काढला होता. सुप्याला चहा घेताना मी पुन्हा विचारलं. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "जाऊ द्या बाई. मला सांगता येत नाही."

तुम्हाला खरंच सांगता येत नव्हतं, की मला सांगायचं नव्हतं? मी या भांडणात अजूनही माझ्या बाजूनंच आहे. मरणाऱ्या माणसाच्या वेळी लोकांनी हसू नये असंच मला वाटतं. पण ते हसणं वाईट नव्हतं, हेही आता मला आठवतं. त्यात कुचेष्टा नव्हती. मग काय होतं? तुम्ही तेव्हा बोलला असतात तर मी आज इतकी घोटाळ्यात पडले नसते.

तुम्ही मात्र माझं ऐकलंत. पुढच्या हंगामात महालाची खिडकी निळ्याकाळ्या रंगानं भरून टाकलीत आणि मला शेडवर बोलावून दाखवलीत. "बघा, काढलं." मी म्हटलं, छान झालं. आणि त्या वर्षीचं पहिलंच नाटक पडलं. लोक बसेनात. पुढं येऊन माना लांब करून पडदा न्याहाळत होते. एक जण तर अंक चालू असताना स्टेजला हात टेकून उभा राहिला आणि मी संवाद म्हणत असताना माझ्या पायांमधून पलीकडं बघत राहिला. नाटक संपल्यावर एका म्हाताऱ्यानं मला काळजीनं विचारलं, "आवंदा पेंटर आजारी हाय का?"

मी शेडवर आले आणि म्हणाले, "घाला ते परत."

तुम्ही विजयी चेहरा केला नाहीत. तो केला असतात तर मी पडदे शिवणं बंद केलं असतं. तुम्ही फक्त विचारलंत, "कुठं?"

आपण दोघं महालासमोर उभे राहिलो. मी म्हटलं, खिडकीत नको, सिंहासनाच्या पायामागं.

"तिथं कुणाला दिसणार?"

"शोधू द्या. पण पडदा दुपारीच टांगत जा. नाटकाच्या आधीच ज्याला शोधायचं त्याचं शोधून होऊ दे."

तसंच झालं. तेव्हापासून आपल्या नाटकांना दुपारचा एक खेळच लागला. बायका कामं उरकून, पोरं काखेला मारून यायच्या, म्हातारे काठी टेकत यायचे. सापडलं की आपापसात भांडायचे, आधी कुणी पाहिलं म्हणून. आणि घंटा होईपर्यंत सगळ्यांचं बघून झालेलं असायचं. मग गाव शांत बसायचं. माझी रडण्याची जागा मला परत मिळाली. ही युक्ती कुणाची यावर आपला वाद कधी झाला नाही. तुम्ही सांगायचात "बाईंची", मी सांगायची "पेंटरची". त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, एवढं तरी तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

दुष्काळात जत्रा थांबल्या. पडदे शेडमध्ये गुंडाळून पडले. माणसं खडी फोडायला गेली होती, नाटक कोण करणार? मी चोळ्या शिवत होते. तुम्हाला टँकरवर 'पिण्याचे पाणी' लिहायचं काम मिळालं. एका टँकरच्या मागच्या बाजूला, नळाच्या वर, तुम्ही मांजर काढलंत. बायका त्याला मांजरीचा टँकर म्हणू लागल्या. "मांजरीचा आला का गं?" असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. एका साहेबांनी ते पाहिलं आणि तुम्हाला विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "साहेब, राखण." साहेबांनी ते पुसायला लावलं. तुम्ही पुसलंत. पण बायका पुढंही त्या टँकरला मांजरीचाच म्हणत होत्या.

राखण. मांजरपाटाची गंमत नाही, राखण. ते ऐकून मी पहिल्यांदा चरकले. मग हळूहळू कळलं की तुम्ही प्रत्येकाला वेगळं सांगत आलात. नाटकवाल्या पोरांना सांगितलंत, मांजर आडवं जाऊ नये म्हणून आधीच पडद्यावर बसवून ठेवतो. खर्ड्याच्या जत्रेचं बघणाऱ्या तात्यांना सांगितलंत, ती माझी सही. कुणाशी खरं बोललात, पेंटर? की सगळ्यांशी थोडं थोडं?

शेवटचे भेटलो ते शेडच्या दारात. यंदा पाऊस बरा झाला होता, खर्ड्याची जत्रा भरणार होती आणि त्यांना गावाचा नवा पडदा हवा होता. मी शेवटचा पाट जोडून आणला. तुम्ही तो हातानं चाचपलात, शिवण शोधलीत, सापडली नाही म्हणून खूश झालात. मग म्हणालात, "बाई, ह्या पडद्यात..." आणि एक दुकानदार पाटी मागायला आला. तुम्ही त्याच्याशी बोलत बसलात. मला क्लासच्या मुली येणार होत्या. मी "येते" म्हणून निघाले. तुम्ही हात वर केलात.

ह्या पडद्यात काय?

छातीत भरून आलं म्हणून तुम्ही दवाखान्यात चालत गेलात असं नंतर कळलं. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मी रागावले. मला कुणीच कसं सांगितलं नाही, म्हणून. मग वाटलं, सांगणार तरी कोण आणि काय म्हणून?

तेराव्यानंतर पार्वतीवहिनींनी निरोप धाडला, येऊन जा. मी भीत भीत गेले. तुमच्या बायकोशी आजवर माझं बोलणं म्हणजे "पाट ठेवून जाते" आणि "च्या घ्या की" एवढंच. त्यांनी अंगणात पडदे उलगडायला घेतले होते. कसर लागली होती, ऊन द्यायला हवं होतं. आम्ही दोघींनी मिळून महाल पसरला, त्याच्याशेजारी जंगल, कुंपणापर्यंत रस्ता. सगळी मांजरं एका जागी मी प्रथमच पाहत होते.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ती मी वहिनींना सांगितली नाही, तुम्हाला सांगते. महालातलं मांजर डाव्या विंगेकडं बघत होतं. जंगलातलंही. न्हाव्याच्या बाकाखालचंही. आणि मी स्टेजवर येते ती नेहमी डाव्या विंगेतून, हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक? माझे कान तापले. वहिनी शेजारी बसून पडद्यावरची धूळ फडक्यानं झटकत होत्या आणि मला त्यांच्याकडं बघवेना. इतकी वर्षं मी त्या मांजराला पाठ करून उभी राहत होते, आणि ते...

मग आम्ही तुरुंग उलगडला. तिथलं मांजर उजवीकडं बघत होतं. देवळातलं तर डोळे मिटून झोपलेलंच होतं. मला हायसं वाटलं की वाईट वाटलं, ते अजून कळलेलं नाही.

वहिनींनी फडकं खाली ठेवलं. "सुशीलाबाई, एक इचारू? रागवू नका."

"विचारा ना."

"हे मांजर कुनाचं? मला आपलं वाटायचं, तुमच्यासाठी काढत्यात."

मी म्हणाले, "वहिनी, मला वाटायचं तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? मला न्हाई बाई मांजर आवडत. दुधाला तोंड लावतं. तुमाला आवडतं?"

"मला मांजराजवळ गेलं की शिंका येतात."

आधी त्या हसल्या की मी, सांगता येणार नाही. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नव्हता आणि तुमच्या अंगणात, तुमच्या महालावर बसून आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसत होतो. शेजारच्या घरातून कुणी डोकावलं असतं तर काय म्हटलं असतं? हसता हसता वहिनींचा बांध फुटला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडत म्हणाल्या, "मला इचारायचंच राहिलं हो. रोज समोर हुते. म्हनलं, इचारू कवातरी."

पेंटर, त्या क्षणी मला वाटलं, निदान एक तरी प्रश्न आम्हा दोघींचा सारखा आहे.

आठवड्याभरानं खर्ड्याचे तात्या वहिनींकडं आले, तेव्हा मीही तिथंच होते. जत्रा कमिटीचं सगळं तेच बघतात. टोपी काढून बसले, तुमच्याविषयी दोन शब्द बोलले, डोळे पुसले. मग अवघडत म्हणाले, "वहिनी, आमचा पडदा कुटवर आलाय? वाईट वाटून घिऊ नका, पन गाव इचारतंय."

शेडमध्ये नवा पडदा टांगलेलाच होता. लिंबाचं मोठं झाड पूर्ण. विहीर पूर्ण, दगड न् दगड. घरं निम्मी रंगवलेली. वाट नुसती कोळशानं आखलेली, आणि उजवीकडचा खालचा सगळा भाग कोराच, नुसता मांजरपाट. आम्ही तिघं त्याच्यासमोर उभे राहिलो आणि तुम्हाला माहीतच आहे की आम्ही काय शोधत होतो. झाडावर बघितलं, विहिरीमागं बघितलं, घरांच्या पडव्यांत बघितलं.

"न्हाई काढलं," तात्या म्हणाले.

मी म्हणाले, "राहिलं असणार. ते मांजर शेवटी काढायचे. सगळं झालं की, ब्रश धुण्याआधी."

"छ्या," वहिनी म्हणाल्या. "आदी मांजर काढायचे. मंग त्याच्या भवती बाकीचं. म्या सोता पायलंय."

"मीपण पाहिलंय, वहिनी."

आधी काढत असाल तर या पडद्यात ते असलंच पाहिजे. शेवटी काढत असाल तर असणं शक्य नाही. आणि आम्ही दोघीही खोटं बोलत नव्हतो.

तात्यांनी सुचवलं, नगरातला दुसरा एखादा पेंटर बघून तेवढं एक मांजर काढून घ्यावं, कुणाला काय कळतंय. वहिनींनी मान हलवली. "नको. हाय तसा न्या." मग म्हणाल्या, "मी पन येते. त्यांचं नाटक कवा पायलंच न्हाई मी."

त्यांचं नाटक. इतक्या वर्षांत मी ते नाटक माझं समजत होते.

जामखेडवरून खर्ड्याला ट्रकनं गेलो. तुमच्या जागेवर वहिनी बसल्या होत्या. त्या खिडकीतून सगळं बघत होत्या आणि मला विचारत होत्या, "ह्या रस्त्यानंच जायचे का? इथं च्या घ्यायचे का?" मी हो हो म्हणत होते. त्या विचारत होत्या त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर मला येत होतं, आणि तेच मला बरं वाटत नव्हतं.

यंदा तिथं विजेचा भरवसा नव्हता. म्हणून तात्यांनी नाटक दिवस मावळायच्या आत ठेवलं होतं. किल्ल्याच्या तटाखाली स्टेज बांधलेलं. दुपारी पडदा टांगला आणि नेहमीसारखं गाव जमू लागलं. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं, त्यामुळं आवाज नव्हता. माणसं येत होती, पडद्यासमोर उभी राहत होती, शोधत होती. कोरा भागही निरखत होती. बराच वेळ गेला. मी विंगेत बसून ऐकत होते.

मग एक म्हातारी म्हणाली, "ही काय! हिरीच्या काठाला."

"कुटं?"

"अगं ती काय, पाठ करून बसलीया."

"तो दगुड हाय, आजे."

"दगुड व्हय? दगडाला कान असत्यात?"

दुसऱ्या बाजूनं एक बाप्या म्हणाला, मांजर लिंबाच्या ढोलीत आहे, त्याला शेपूट दिसतंय. मग काय, गावाचे दोन तट पडले. विहीरवाले आणि लिंबवाले. तात्या पळत विंगेत आले. "बाई, तुमी सांगा. तुमाला ठावं असंल. खरं कुटं हाय?"

मी बाहेर आले. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं, नाटक सुरू होण्याआधीच. मी विहिरीच्या काठाशी वाकून पाहिलं. तिथं रंगाखाली कोळशाची एक वळणदार रेघ होती. पाठ असू शकेल. दगडाची कडाही असू शकेल. ढोलीत अंधार रंगवलेला होता, त्यात एक फिकट फटकारा. शेपूट म्हटलं तर शेपूट. मी वहिनींकडं पाहिलं. त्या पुढच्या रांगेत, पोत्यावर बसल्या होत्या. त्यांनी खांदे उडवले.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तात्या खट्टू झाले. लोक नाही झाले. ते पुन्हा शोधायला लागले.

तिसरी घंटा झाली तेव्हाही पटांगणात कुजबुज चालूच होती. पहिल्या प्रवेशात मला घागर घेऊन विहिरीवर यायचं होतं. मी डाव्या विंगेतून आले आणि मधोमध उभी राहिले. संवाद विसरले नव्हते. पण मला एकदा बघायचंच होतं. मी लोकांना पाठ केली. स्टेजवर असं करायचं नसतं, तुम्हीही मला ओरडला असतात. मावळतीचं ऊन पडद्यावर पडलं होतं, तिरकं. त्या उजेडात तुमचं झाड, विहीर, अर्धी घरं, सगळं मी नीट बघत गेले. माझ्या शिवणी बघितल्या. कुठंच दिसत नव्हत्या.

मागं सगळं गावही बघत होतं. मी जिथं बघत होते, तिथंच.

मग मागून वहिनींचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बाई, सापडलं का?"

मी मान न वळवता म्हणाले, "नाही."

"मंग व्हऊ द्या सुरू. आमी बघतो तवर."

मी घागर कमरेवर नीट घेतली, लोकांकडं तोंड केलं आणि पहिलं वाक्य बोलले.